पपईचं काळं बी नर, भुरं बी मादी?

‘पपईचं गडद काळं, पाण्यात बुडणारं बी नर, भुरकं, तरंगणारं बी मादी. मादी तेवढीच लावा.’ नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोदा पट्ट्यात दर हंगामात फिरणारा हा मेसेज.

भुरकं, हलकं बी बहुधा अपक्व किंवा पोकळ असतं. ते वेगळं काढणं बरोबरच, पण त्यातून उगवण कळते, लिंग नाही. लिंग ठरतं बियाच्या आतल्या गुणसूत्रांवर, आणि ती सालीवर दिसत नाहीत. नर-मादी झाडं वेगळी असणाऱ्या वाणात साधारण निम्मी रोपं नर निघतात. म्हणूनच असा अंदाज निम्म्या वेळा आपोआप खरा ठरतो आणि माणसाचा विश्वास बसतो. त्यात कुणाचा भोळेपणा नाही. भांगेच्या बियांबद्दलही असाच समज आहे, तिथेही तो तितकाच चुकीचा.

पडताळायचं तर एकाच फळाचं भरीव बी घ्या, रंगानुसार दोन वाफ्यांत टाका, खुणेच्या काड्या रोवा. फुलोऱ्यापर्यंत काही महिने थांबावं लागतं. लांब लोंबत्या दांड्यावर झुपक्याने फुलं आली तर नर. पानाच्या बेचक्यात बुंध्याला चिकटून, बुडाशी फुगीर फूल आलं तर मादी. मग दोन्ही वाफे मोजा.

जुने शेतकरी एका खड्ड्यात तीन रोपं लावतात ते याच हिशेबाने: तिन्ही नर निघण्याची शक्यता आठात एक. फुलं दिसली की जादा नर उपटायचे, परागासाठी दहा माद्यांमागे एखादा ठेवायचा.

उभयलिंगी झाडं देणाऱ्या संकरित वाणात नर निघतच नाहीत. तिथे बी निवडत बसण्याचं कामच नाही.