एस्पान्योलचा तारणहार, फातोर्ड्याचा कोरो

स्पॅनिश फुटबॉलपटू फेरान कोरोमिनास ऊर्फ कोरो २०१७ मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवा क्लबकडे आला तेव्हा ३४ वर्षांचा होता. त्याआधीचा हंगाम त्याने सायप्रसमध्ये काढला होता. त्यामुळे निवृत्तीच्या वाटेवरचा आणखी एक परदेशी खेळाडू, अशी शंका कुणाला आली असती तर नवल नव्हतं.

स्पेनमध्ये गोलांचा पाऊस पाडणारा म्हणून तो कधीच ओळखला गेला नाही. जिरोनाजवळच्या विलोबी गावचा हा मुलगा बार्सिलोनातल्या एस्पान्योल क्लबमध्ये घडला आणि तिथे बऱ्याचदा बगलेवरून खेळला. पण १३ मे २००६ ला, ला लिगा या स्पेनच्या अव्वल लीगच्या शेवटच्या दिवशी, रेआल सोसिएदादविरुद्ध भरपाई वेळेत त्याने गोल केला आणि एस्पान्योलची खालच्या श्रेणीत होणारी पदावनती टळली. त्याच्या महिनाभर आधी संघाने कोपा देल रे हा स्पॅनिश चषक जिंकला होता, त्या ४-१ अंतिम विजयातही त्याचा एक गोल होता. तरी एस्पान्योलचे चाहते आठवण काढतात ती मे महिन्यातल्या गोलचीच. पुढच्या वर्षी यूएफा कप या युरोपातल्या क्लबस्पर्धेच्या उपांत्य फेरीत वेर्डर ब्रेमेनविरुद्ध दोन्ही सामन्यांत त्याने गोल केले. अंतिम सामना मात्र संघाने सेविलाविरुद्ध पेनल्टीवर गमावला. मग ओसासुना, जिरोना, एल्चे, मायोर्का असे स्पेनमधलेच क्लब.

गोव्यात प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला थेट गोलसमोर आणलं. लोबेरांचा संघ चेंडू पायाशी ठेवून खेळायचा. मागून एदू बेदिया, अहमद जाहू चेंडू पुरवायचे आणि कोरोचं काम उरायचं ते नेमक्या क्षणी मोकळ्या जागेत पोहोचायचं. पहिल्याच हंगामात बेंगळुरू आणि केरळा ब्लास्टर्सविरुद्ध लागोपाठ हॅटट्रिक. ब्लास्टर्सविरुद्धची तर अवघ्या सात मिनिटांत! त्या हंगामात १८ गोल, पुढच्यात १६, दोन्ही वेळा सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट. तिसऱ्या हंगामात १४ गोल झाले, पण बूट एका गोलने हुकला. ५७ सामन्यांत ४८ गोल. लीगमधला बचाव स्पेनइतका कडवा नव्हता हे मान्य, पण तोच बचाव इतर परदेशी स्ट्रायकरांसमोरही होताच की!

२०१९ चा सुपर कप आला, लीगची अंतिम लढत मात्र त्याच वर्षी मुंबईत गोव्याने बेंगळुरूविरुद्ध गमावली. २०१९-२० मध्ये साखळीत अव्वल ठरून गोव्याने एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबस्पर्धेच्या गटसाखळीत स्थान मिळवलं, भारतीय क्लबांत पहिल्यांदाच. एप्रिल २०२१ मध्ये हे सामने गोव्याच्या घरच्या मैदानावर, फातोर्ड्यालाच झाले, तोवर कोरो स्पेनला परतला होता. सहा सामन्यांत गोव्याला दोनच गोल करता आले.