शंभूचे दहा हात आणि ३६,२८,८००

चाळीसगावजवळ, डोंगराच्या पायथ्याशी, पाटणादेवीला नवरात्रात गर्दी उसळते. पण तिथे सापडलेल्या शिलालेखाची आठवण खानदेशातही फार कमी लोक काढतात, याची मला खंत वाटते. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी तिथेच, पाटण गावी, मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये या मठाला दान दिलं. लेख बराचसा संस्कृतात आहे, पण बाजारातल्या मालावरच्या कराचा वाटा मठाला लावून देणारा शेवटचा भाग जुन्या मराठीत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचं जन्मगाव कोणतं, यावर वाद आहे; मठ पाटणला होता, यावर नाही.

मठात शिकवायच्या ग्रंथांत भास्कराचार्यांची ११५० च्या सुमाराची, गणितावरची ‘लीलावती’ आलीच. तिच्या ‘अंकपाश’ प्रकरणात एक सुंदर उदाहरण आहे. पाश, अंकुश, साप, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य ही दहा आयुधं शंभूच्या दहा हातांत अदलाबदल करून दिली, तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? रीत अशी की जितकी स्थानं, तितके एकपासूनचे आकडे ओळीने गुणायचे. उत्तर ३६,२८,८००. चार हातांच्या हरीच्या मूर्ती मात्र फक्त २४.

याच प्रकरणात २ ते ९ हे आठ आकडे उलटसुलट मांडून होणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीजही विचारली आहे. संख्या होतात ४०,३२०, बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६०. एकेक संख्या मांडत बसलो तर आयुष्य पुरायचं नाही. पण प्रत्येक स्थानी प्रत्येक आकडा सारख्याच वेळा येतो, हे ओळखलं की दोन ओळींत उत्तर निघतं. मला या प्रकरणातली ही युक्ती सगळ्यांत मोलाची वाटते.

३६,२८,८०० ला पुढे अनेक नावं मिळाली. आज आपण तिला १० चं क्रमगुणित म्हणतो; ते लिहायचं उद्गारचिन्ह (१०!) क्रिस्तियान क्रँप यांनी १८०८ मध्ये रूढ केलं. ७ पेक्षा मोठा मूळ अवयव तिला नाही. विभाजक २७०. स्वतःला वगळून उरलेल्यांची बेरीज १,१७,०५,२८८, म्हणजे त्या संख्येच्या तिपटीहून जास्त. ही बेरीज संख्येहून मोठी भरली की ती ‘विपुल’ संख्या. हा वर्ग ग्रीकांपासून चालत आलेला.

‘हर्षद’ हे नाव मात्र आपल्या शेजारचं, देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचं. अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाते ती हर्षद संख्या. इथे बेरीज २७ आणि भागाकार बरोबर १,३४,४००.

एका यादीत मात्र ती बसत नाही. आपल्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांचा अभ्यास रामानुजन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. ३६,०३,६०० ही हिच्याहून २५,२०० ने लहान, तरी तिला विभाजक ३६० आहेत.