सेमी इंग्रजी आणि इंग्रजी माध्यम: फरक नेमका कुठल्या विषयांत?

जानेवारीतली गोष्ट. नवी मुंबईत कोपरखैरण्याला माझ्याकडे आठवी ते दहावीच्या मुली गणित-विज्ञानाच्या शिकवणीला येतात. त्यातल्या एकीची मावशी स्वतःच्या मुलीला घेऊन आली. नवरा वाशीच्या मार्केटला माथाडी कामगार, मूळ गाव साताऱ्याकडचं, मुलगी मराठी शाळेत सातवीत आणि ती शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी दोन शाळा डोळ्यांपुढे होत्या, एक सेमी इंग्रजी आणि एक इंग्रजी माध्यमाची. बाई चटईवर टेकल्या आणि थेट म्हणाल्या, "ताई, सेमी म्हणजे अर्धं इंग्रजी ना? मग पोरीचं ना धड मराठी होणार ना धड इंग्रजी. त्यापेक्षा पूर्ण इंग्रजीतच घालू का?"

हा प्रश्न मी ठाण्यात ऐकलाय, ऐरोलीत ऐकलाय, शिकलेल्या आईबापांच्या तोंडूनही ऐकलाय. त्यामागचा समज असा, की इंग्रजी माध्यम म्हणजे पूर्ण ताट आणि सेमी म्हणजे त्यातलं अर्धं. हा समज चुकीचा आहे आणि त्याच्या भरवशावर मुलीची तीन वर्षं ठरतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सेमी इंग्रजी हे वेगळं बोर्ड नाही. शाळा मराठी माध्यमाचीच असते, फक्त गणित आणि विज्ञान हे दोन विषय इंग्रजीतून शिकवतात आणि त्यांची परीक्षाही इंग्रजीतून होते. इतिहास-भूगोल मराठीतून, मराठी पहिली भाषा, हिंदी किंवा संस्कृत दुसरी, इंग्रजी तिसरी. इंग्रजी माध्यमात मराठी-हिंदी सोडून सगळं इंग्रजीतून आणि इंग्रजी ही पहिली भाषा.

इथे आणखी एक गुंता सोडवायला हवा. बरेच जण "इंग्रजी माध्यम" म्हणतात तेव्हा मनात सीबीएसई असतं. माध्यम म्हणजे शिकवण्याची भाषा. बोर्ड म्हणजे अभ्यासक्रम ठरवणारं आणि दहावीची परीक्षा घेणारं मंडळ. ठाण्याच्या नौपाड्यात विद्या प्रसारक मंडळाची डॉ. बेडेकर विद्या मंदिर ही मराठी शाळा आहे आणि त्याच संस्थेची सौ. ए. के. जोशी ही इंग्रजी माध्यमाची शाळा. संस्था एक, माध्यमं दोन. उलट नवी मुंबई महापालिकेने आपल्या मराठी शाळांबरोबर सीबीएसईच्या शाळाही काढल्या, तिथे बोर्डच वेगळं. या लेखात मी राज्य मंडळाच्याच दोन वाटांबद्दल बोलते आहे, कारण मराठी शाळेतून सातवी झालेल्या मुलीपुढे बहुतेक वेळा याच दोन असतात.

आता आकडे बघा, त्यात सगळं उत्तर आहे. दहावीला 100-100 गुणांचे सहा विषय: तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. गणितात बीजगणित 40, भूमिती 40 आणि अंतर्गत मूल्यमापन 20. विज्ञानाचे दोन भाग 40-40 आणि प्रात्यक्षिकाचे वगैरे 20. सेमीची मुलगी आणि इंग्रजी माध्यमाची मुलगी या दोन्ही विषयांत बालभारतीचं तेच पुस्तक वाचतात आणि मार्चमध्ये तीच प्रश्नपत्रिका सोडवतात. एका शब्दाचाही फरक नाही. ज्या गणित-विज्ञानाच्या धास्तीने लोक इंग्रजी माध्यमाकडे धावतात, ते गणित-विज्ञान दोन्हीकडे सारखंच आहे.

फरक उरलेल्या विषयांत आहे. सेमीत मराठीचं पुस्तक कुमारभारती, म्हणजे प्रथम भाषेचं. इंग्रजीचं माय इंग्लिश कोर्सबुक, म्हणजे तृतीय भाषेचं. इंग्रजी माध्यमात उलट: इंग्रजीचं कुमारभारती आणि मराठीचं अक्षरभारती. सामाजिक शास्त्रे एकीला मराठीतून, दुसरीला इंग्रजीतून. म्हणजे शाळा निवडताना आपण खरं तर हे ठरवत असतो, की मुलगी इतिहास-भूगोल कुठल्या भाषेत वाचेल आणि स्वतःच्या मनातलं चार ओळींत मांडायला कुठल्या भाषेत शिकेल.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून माझ्याच टेबलावरचं सांगते. दोघी दहावीच्या, एक सेमीची, एक इंग्रजी माध्यमाची. संभाव्यतेचा धडा चालू होता. दोन नाणी फेकली, किमान एक छापा पडण्याची संभाव्यता काढा, असं गणित. सेमीच्या मुलीने चारही शक्यता झरझर लिहिल्या, नमुना अवकाश बरोबर, आणि मग थांबली. पुस्तकात "ॲट लीस्ट" होतं. ते कमीत कमी की जास्तीत जास्त, यावर तिचं घोडं अडलं. मी म्हटलं, "किमान." तिने लगेच तीन छेद चार लिहून टाकलं. दुसरीने वाक्य घडाघडा वाचलं, "ॲट लीस्ट" तिला पाठ होतं, पण दोन छापे आलेली शक्यता त्यात धरायची का, ते तिला सुचेना. मी मराठीत विचारलं, "किमान शंभर रुपये आण म्हटलं आणि तू दोनशे आणलेस, तर चालतील की नाही?" हसली आणि तिनेही गणित पुरं केलं.

सेमीच्या मुलीची अडचण शब्दांची असते आणि शब्द मोजके असतात. ॲट लीस्ट, ॲट मोस्ट, रिस्पेक्टिव्हली, हेन्स, सच दॅट, असे शंभर-दीडशे शब्द वहीत उतरवून घेतले की सहा महिन्यांत गाडी रुळावर येते. हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. इंग्रजी माध्यमातल्या ज्या मुलींच्या घरी इंग्रजी कुणी बोलत नाही, त्यांची अडचण जास्त खोल असते. वाक्य वाचता येतं, अर्थ आत उतरत नाही आणि वाचता येतंय म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

भूगोलात तर हे ढळढळीत दिसतं. दहावीच्या सध्याच्या भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे. ब्राझीलच्या ईशान्येला पाऊस अगदी कमी पडणारा एक भाग आहे, त्याला मराठी पुस्तकात "अवर्षण चतुष्कोन" म्हटलंय. सेमीच्या मुलीला मी कारण विचारलं. ती म्हणाली, "तिथला कडा वारे अडवतो, पलीकडे पर्जन्यछाया. आमच्या माण तालुक्यासारखंच. महाबळेश्वरला धो धो आणि माणमध्ये पाण्याचा टँकर." पुस्तकात माणचं नाव नाही, ते तिच्या आजोळचं. शब्दच असे आहेत, की अवर्षण म्हणजे वर्षाव नाही, पर्जन्यछाया म्हणजे पावसाची सावली. अर्थ शब्दातच बसलेला. इंग्रजी माध्यमाच्या मुलीने तेच उत्तर "ड्रॉट क्वाड्रिलॅटरल" म्हणून स्पेलिंगसकट बिनचूक लिहिलं, पण तो भाग कोरडा का, हे विचारल्यावर गाईडमधली पुढची ओळ म्हणू लागली. हुशार मुलगी आहे. तिला कुणी हे तिच्या भाषेत समजावलंच नव्हतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरी मराठी बोललं जातं, मुलगी सातवीपर्यंत मराठीत शिकली आहे आणि जवळ बऱ्यापैकी सेमीची शाळा आहे, तर सेमीच. आठवीत एकदम पूर्ण इंग्रजीत टाकलं, तर तिसऱ्या भाषेची इंग्रजी रातोरात पहिली होते, इतिहासाची दीर्घोत्तरं इंग्रजीत लिहावी लागतात आणि वर्गात आपणच मागे, हे तेराव्या वर्षी रोज अनुभवावं लागतं. त्या वयात मुली गप्प होतात आणि गप्प झालेली मुलगी शंका विचारत नाही.

उलटी उडीही तितकीच अवघड, हे लोक विसरतात. फी झेपत नाही किंवा मार्क कमी पडतात म्हणून इंग्रजी माध्यमातली मुलगी आठवी-नववीत सेमीला आणतात. तिला सुलभभारतीवरून, म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या मराठीच्या सोप्या पुस्तकावरून, एकदम प्रथम भाषेच्या मराठीवर यावं लागतं: समास, अलंकार, वृत्तं, कवितेचं रसग्रहण आणि वर मराठीतून इतिहास-भूगोल. बालवाडीपासून इंग्रजीत असलेली मुलगी तिथे रुळली असेल, तर तिला तिथेच राहू द्यावं आणि घरी मराठी वाचायला द्यावं. राज्यात 2020 च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे विषय म्हणून मराठी तिला मिळतेच.

पण वर जे "बऱ्यापैकी सेमीची शाळा" म्हटलं, त्यात खरी मेख आहे. सेमी प्रत्येक शाळेत सारखं नसतं. कुठे पहिलीपासून, कुठे पाचवीपासून, कुठे आठवीपासून. आठवीत नव्याने जाणारी मुलगी पाचवीपासून सेमीत असलेल्या वर्गात पडली, तर तिला तीन वर्षांचे शब्द भरून काढायचे असतात. तिथे आठवीपासून सेमी असलेली शाळा सोयीची. एका शाळेत तर, नाव घेत नाही, पाटीवर सेमी लिहिलंय आणि गणिताच्या सरांचं स्वतःचं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं. सर मनापासून शिकवायचे, पण मराठीत. आणि शेवटच्या पाच मिनिटांत इंग्रजी व्याख्या फळ्यावर उतरवून द्यायचे. मुलींना गणित येत होतं आणि पेपर वाचता येत नव्हता. तसंच, नावाला इंग्रजी माध्यम आणि वर्गात हिंदी-मराठी, वहीत मात्र पाठ केलेलं इंग्रजी, अशाही शाळा गल्लोगल्ली आहेत.

त्यामुळे शाळेत गेलात की इमारत आणि संगणक कक्ष बघण्याआधी आठवीच्या कुठल्याही मुलीची विज्ञानाची वही मागा. उत्तरं सगळ्यांची शब्दाला शब्द सारखी असतील तर फळ्यावरून उतरवलेली आहेत. थोडी मोडकीतोडकी, पण वेगवेगळी असतील आणि त्यावर बाईंची लाल दुरुस्ती असेल, तर ती शाळा शिकवते. शिवाय विचारा: गणित-विज्ञान दोन्ही इंग्रजीतून की एकच? शिकवणारे बदलत राहतात की टिकून आहेत?

पैशाचं थोडक्यात. अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी माफ आहे. पण अनुदानित शाळेतली एखादी तुकडी विनाअनुदानित असू शकते आणि ती नेमकी सेमीची असली, तर फी लागते. "शाळा अनुदानित आहे का" याऐवजी "माझी मुलगी ज्या तुकडीत बसेल ती अनुदानित आहे का" असं विचारा. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखीव असलेल्या 25 टक्क्यांच्या जागेवर, शिकणाऱ्या मुलींना ही सवलत आठवीपर्यंतच असते. नववीची फी आधीच विचारून ठेवलेली बरी.

आणि मुलगी आहे म्हणून अंतर. घोडबंदर रोडवरून रोज दीड तास बसमध्ये घालवून चांगल्या नावाच्या शाळेत जाणारी मुलगी घरी येते ती थकूनच. दुपारच्या अधिवेशनाची शाळा संध्याकाळी सहाला सुटते, डिसेंबरात तेव्हा अंधारायला लागलेलं असतं. स्वच्छतागृह शाळेच्या वेळेत जाऊन स्वतः बघा. दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या मुली माझ्याकडे येतात, का ते त्या आईलाही सांगत नाहीत.

पुढचं, अकरावीचं. सायन्स इंग्रजीतूनच असतं आणि सेमीच्या मुलीला त्याचे शब्द ओळखीचे असतात, तिथे ती मागे पडत नाही. कॉमर्सला जायचं असेल, तर मात्र एक गोष्ट आधीच धरून चालावी. आपल्याकडे ठाणे-मुंबईत कॉमर्स बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून आहे आणि अर्थशास्त्रात पानभर उत्तरं लिहावी लागतात. सेमीच्या मुलीने तोवर इंग्रजीत सूत्रं, व्याख्या आणि दोन-तीन ओळींची कारणं लिहिलेली असतात, पानभर सलग कधी लिहिलेलं नसतं. त्यासाठी नववीपासून रोज दहा ओळी स्वतःच्या मनाने इंग्रजीत लिहायला लावा, चुका होऊ द्या. ही एक उणीव सेमीत खरीच आहे, पण ती भरून काढता येते.

त्या माथाडी कामगाराच्या मुलीचं घरापासून चालत बारा मिनिटांवरच्या सेमीच्या शाळेत नाव घातलंय. तिच्या आईने वही मागितली तेव्हा बाईंनी एक सोडून चार दाखवल्या. आता सुट्टीत ती सकाळी माझ्याकडे येते. दोनशे पानी वहीत मधोमध रेघ मारलीय, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. अपूर्णांक, फ्रॅक्शन. अंश, न्यूमरेटर. छेद, डिनॉमिनेटर. काल तिने विचारलं, "काकू, छेद म्हणजे कापणं ना? मग डिनॉमिनेटरमध्ये कापणं कुठे आहे?" डिनॉमिनेटर म्हणजे नाव देणारा, पाव की अर्धा, हे खालच्या आकड्यावरून ठरतं, असं मी सांगितलं. तिने ते डावीकडच्या रकान्यात, कंसात, मराठीत लिहून ठेवलं.