घर तपासणीचा व्यवसाय सुरू करताना: पात्रता, नोंदण्या आणि कागदपत्रे

ताबा घेण्याआधी किंवा जुना फ्लॅट विकत घेण्याआधी घर तपासून लेखी अहवाल देणे, या कामासाठी भारतात स्वतंत्र परवाना नाही. अमेरिकेत टेक्सास, फ्लोरिडा, न्यू यॉर्क अशा राज्यांत हे काम परवान्याशिवाय करता येत नाही. आपल्याकडे तशी परीक्षा नाही आणि परवाना देणारे कार्यालयही नाही. म्हणून काहीजण एकही कागद न करता कामाला लागतात, तर काहीजण एजंटला पैसे मोजून गरज नसलेली प्रमाणपत्रे गोळा करतात. महाराष्ट्रात एकट्याने किंवा दोन-चार माणसे हाताशी घेऊन सुरुवात करणाऱ्याला नेमके काय लागते, ते इथे सांगतो.

पात्रता आणि तिची सीमा

शिक्षणाची कायदेशीर अट नाही. तरीही सिव्हिलचा डिप्लोमा किंवा पदवी आणि साइटवरचा काही वर्षांचा अनुभव नसेल, तर या कामात उतरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. टाइल ठोकून पोकळ आवाज ओळखणे शिकता येते. पण भिंतीवरची ओल बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगमुळे आहे, गळक्या पाइपमुळे आहे की बाहेरच्या प्लॅस्टरच्या भेगेमुळे, हे ओलावा मोजणारे यंत्र सांगत नाही. ते तुम्हालाच कळावे लागते, आणि समोरच्याने आयुष्यभराची बचत त्या घरात घातलेली असते.

परवाना नसला तरी मनाला येईल ते लिहून देता येत नाही. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याची मजबुती तपासणे, हे वेगळे काम आहे. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे ऑडिट महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यावे लागते. त्यामुळे ‘इमारत सुरक्षित आहे’ असे वाक्य तुमच्या अहवालात येता कामा नये. ‘बीमवर भेग दिसली, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा’ इथपर्यंतच थांबायचे. कंपनी कायद्याखालील मूल्यांकन आयबीबीआय या केंद्रीय दिवाळखोरी मंडळाकडे नोंदणीकृत व्हॅल्युअरच करू शकतो. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ प्रमाणे नोंदणी नसेल, तर कार्डावर ‘आर्किटेक्ट’ छापता येत नाही. आणि तपासणीबरोबर घर मिळवून देण्याचे कमिशनही घेणार असाल, तर रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम ९ खाली एजंट म्हणून महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाची नोंदणी लागेल. माझा सल्ला विचाराल तर ते कमिशन घेऊच नका. सौदा झाला तरच ज्याला पैसे मिळतात, त्याच्या अहवालावर ग्राहकाने विश्वास का ठेवावा?

नोंदण्या

एकट्याच्या मालकीचा व्यवसाय असेल तर व्यवसाय म्हणून वेगळी स्थापना-नोंदणी नाही, तुमचा पॅन हाच व्यवसायाचा पॅन. भागीदारी असेल तर भागीदारीपत्र आणि फर्मचा स्वतंत्र पॅन लागतो.

पहिली पायरी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी. १ जुलै २०२० पासून ही पद्धत सुरू आहे. सरकारी उद्यम पोर्टलवर आधार क्रमांक, मोबाइलवर येणारा ओटीपी आणि पॅन एवढ्यावर अर्ज भरता येतो. कोणताही कागद अपलोड करावा लागत नाही आणि शुल्कही नाही. सरकारी वाटाव्यात अशा दिसणाऱ्या खासगी साइट्स याच अर्जाचे पैसे घेतात, त्यामुळे पत्ता नीट पाहून भरा. व्यवसायाचा कोड निवडताना तांत्रिक चाचणी व विश्लेषण हा गट, ७१२०, या कामाला सर्वांत जवळचा आहे.

दुसरी म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालचा शॉप अ‍ॅक्ट, ज्याला बरेचजण अजून गुमास्ता म्हणतात. २०१७ च्या राज्य कायद्याप्रमाणे मोजकी माणसे असलेल्या आस्थापनेला नोंदणी घ्यावी लागत नाही, व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोच जपून ठेवायची. आधार, पॅन, फोटो, जागेचा पुरावा आणि नामफलकाचा फोटो आधीच तयार ठेवा. फलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक आहे. घरूनच काम करत असाल तर वीजबिल चालते. ते दुसऱ्याच्या नावावर असेल तर भाडेकरार किंवा घरमालकाचे ना-हरकत पत्र जोडा.

उद्यम आणि शॉप अ‍ॅक्ट हे दोन कागद हातात आले की बँकेत व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडता येते, कारण मालकीच्या व्यवसायासाठी बँक साधारणपणे व्यवसायाचे दोन पुरावे मागते.

व्यावसायिकाने स्वतःसाठी भरायच्या व्यवसाय कराची नोंदणी, म्हणजे पीटीईसी, बरेचजण विसरतात. राज्याच्या जीएसटी विभागाच्या साइटवर ती होते आणि कर वर्षाला २,५०० रुपये. पगारी माणसे ठेवली की त्यांच्या पगारातून कापायच्या व्यवसाय करासाठी पीटीआरसी ही नोंदणी वेगळी.

जीएसटीची नोंदणी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की सक्तीची. त्याआधी घाई करण्याचे कारण नाही. घर घेणारा सामान्य ग्राहक त्या कराची वजावट घेऊ शकत नाही, त्याच्यासाठी तुमची फी तेवढी महागच होते. बिल्डर किंवा कंपन्यांची कामे जास्त असतील तर हिशेब बदलतो.

गच्ची किंवा बाहेरच्या भिंती पाहण्यासाठी ड्रोन वापरणार असाल, तर ड्रोन नियम, २०२१ वाचा. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर लागते. आधी त्या भागात उड्डाणाला परवानगी आहे का, ते नकाशावर पाहा.

ग्राहकाबरोबरचे कागद

सरकारी नोंदण्या आठवडाभरात उरकतील. खरी मेहनत इथे घ्या. प्रत्येक कामाआधी लेखी करार करा. काय तपासणार आणि काय नाही, हे त्यात नावानिशी लिहा: भिंतीतले पाइप, फॉल्स सीलिंगच्या आतला भाग, गाडलेली वायरिंग, बंद खोली. तपासणी दृश्य स्वरूपाची आहे आणि त्या दिवसाच्या स्थितीपुरती आहे, हेही लिहा. फी घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली येते. सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगाकडे तक्रार होऊ शकते. त्यामुळे कामातल्या चुकीसाठी द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा, म्हणजे व्यावसायिक दायित्व विमा पहिल्या कामाआधीच घ्या.

ताबापूर्व तपासणीत बिल्डरची माणसे बाहेरच्या माणसाला गेटवरच अडवतात. खरेदीदाराच्या सहीचे अधिकारपत्र, त्याच्या नोंदणीकृत कराराच्या पहिल्या पानाची प्रत आणि तुमचे ओळखपत्र बरोबर ठेवा, आणि भेटीची वेळ खरेदीदाराने बिल्डरला आधी ईमेलने कळवलेली असू द्या.

रेराच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तुमचा अहवाल दोष कळवणाऱ्या पत्राला जोडला जाणार आहे. प्रत्येक दोषाला खोली, नेमकी जागा, तारीख आणि फोटो हवा. मूळ फोटो आणि अहवालाची सही केलेली प्रत किमान ही पाच वर्षे सांभाळून ठेवा.