काळ्या विद्येच्या कॉलेजात पहिला प्रवेश कोणाचा?

माझी भाची मालवणला कॉलेजात शिकते. वार्षिक अंकासाठी तिला गोष्ट लिहायची आहे: समुद्रकाठी जादूविद्येचं कॉलेज, आणि तिथे पास होणाऱ्यांपेक्षा गडप होणारेच जास्त. "मामा, आपल्याकडे असला कॉलेज खंय आसतला?" तिने फोनवर विचारलं. जागा सुचवण्याआधी ही कल्पना आली कुठून ते बघायला बसलो आणि त्यातच दोन रात्री गेल्या.

अशा शाळांच्या दंतकथा युरोपात ठिकठिकाणी सापडतात. ट्रान्सिल्व्हेनियात लोक सांगत की डोंगरातल्या शाळेत खुद्द सैतान शिकवतो. विद्यार्थी दहा. शिक्षण संपलं की नऊ घरी जातात, दहाव्याला तो फी म्हणून ठेवून घेतो. एमिली जेरार्ड या लेखिकेने १८८५ साली ही समजूत इंग्रजीत नोंदवली. स्पेनमधल्या सालामांकाला विद्यापीठ १२१८ पासूनचं, पण गावकऱ्यांच्या मते खरी विद्या एका चर्चच्या तळघरात मिळे. तिथे सात जण सात वर्षं शिकत आणि शेवटी एकाने मागे राहायचं. आइसलँडच्या कथेत सर्वांत शेवटी दाराबाहेर पडेल तो सैतानाचा. तिथला विद्वान पुरोहित सेमुंदुर झगा नुसता खांद्यावर टाकून निघाला, सैतानाने मागून झडप घातली आणि त्याच्या हाती झगा तेवढा राहिला.

लिहिता-वाचता येणारे मूठभर आणि त्यांची भाषा लॅटिन, म्हटल्यावर बाकीच्यांना त्या विद्येचा संशय येणारच. दहाव्या शतकात जर्बेर नावाचा फ्रेंच धर्मगुरू स्पेनला जाऊन गणित शिकून आला आणि पुढे ९९९ साली पोप झाला. त्याने सैतानाशी करार केला असं नंतर लोक सांगू लागले. गंमत म्हणजे तो जे शिकून आला त्यात अरबांमार्फत तिकडे पोचलेले आपले भारतीय आकडेही होते.

आपल्याकडची कथा याहून जुनी आहे, आणि माझ्या मते जास्त भयंकरही. महाभारताच्या आदिपर्वातला कच आठवा. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या दैत्यांचे गुरू शुक्राचार्य यांच्याकडे. ती आणायला देवांनी बृहस्पतीच्या या मुलाला शत्रूच्याच आश्रमात धाडलं. दैत्यांनी एकदा त्याचे तुकडे करून लांडग्यांना घातले. शेवटी तर जाळून राख मद्यात कालवली आणि ते मद्य गुरूलाच पाजलं. आता शिष्य गुरूच्या पोटात. त्याला बाहेर काढावं तर गुरू मरणार. मग शुक्राचार्यांनी पोटातल्या कचाला मंत्र शिकवला, कच पोट फाडून बाहेर आला आणि शिकलेल्या मंत्राचा पहिला प्रयोग त्याने गुरूवरच केला. याहून अवघड प्रॅक्टिकल मला तरी कुठल्या गोष्टीत सापडलेलं नाही.

बौद्ध जातककथांतला संजीव याच्या अगदी उलट. गुरूने त्याला मेलेल्याला उठवायचा मंत्र दिला, उतारा मात्र दिला नाही. रानात मेलेला वाघ दिसल्यावर पठ्ठ्याने सोबत्यांपुढे शेखी मिरवली. सोबती झाडावर चढले. वाघ उठला, त्याने संजीवला मारलं आणि स्वतःही तिथेच पडला.

कोकणाचा संबंध नाथपंथाच्या वाटेने येतो. शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पुरा झालेला 'नवनाथ भक्तिसार' अजून घरोघरी पारायणाला असतो. त्यात शाबरी मंत्रविद्येची सिद्धी मिळवत हिंडणारा मच्छिंद्रनाथ वेताळाशी झुंजतो, त्याला वश करतो, आणि पुढे कुडाळ प्रांतात येऊन कालिकादेवीशीही युद्ध करतो. ही शिकवणी आश्रमात बसून होत नाही, वाटेत जो भेटेल त्याच्याशी दोन हात करून होते. मच्छिंद्रापुढे नमलेला तोच वेताळ वेंगुर्ल्याजवळ आरवलीत वेतोबा म्हणून गावाचा राखणदार आहे. नवसाला केळ्यांचे घड येतात, आणि चामड्याच्या चपला, हातभर लांब. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात असं सांगतात.

पण कॉलेज म्हणावं असं काही कोकणात या विद्येचं झालं नाही. का, ते मला आजोळी कळलं होतं. आमच्या वाडीतले एक आजोबा विंचू उतरवायचे. ग्रहण लागलं की खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मंत्र जागवायचे. पुटपुटणारे ओठ दिसत, शब्द कधीच ऐकू येत नसे. मुलाने मागितला तर त्यालाही दिला नाही, कारण मंत्र दुसऱ्याला सांगितला की त्याचा गुण जातो. ते गेले आणि मंत्रही गेला.

त्याच काळात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेले रुग्ण रात्ररात्र बसून तपासत होते. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर काय होतं याची त्यांची निरीक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने माणसं वाचतात, हेही त्यांनी तिथेच छापलं. मग ते सगळ्या डॉक्टरांचं झालं. आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तर विंचू, साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हाच ठरवला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. भाचीच्या कॉलेजचा निम्मा अभ्यासक्रम इथेच बाद.

ती मात्र कचावर अडली होती. शुक्राचार्यांच्या मुलीने, देवयानीने त्याला शाप दिला, की तुझी विद्या तुला फळणार नाही. त्यावर तो म्हणाला, मला नाही तर नाही, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. हे ऐकून भाची जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे कच आमचो प्रिन्सिपल."

"आणि हॉस्टेल?"

"आरवलीक. रेक्टर वेतोबा. चपलांचो आवाज इलो काय लायटी बंद."