समोरचा चेहरा पाहून छातीत धडधडतं तेव्हा

(आमच्या समुपदेशन केंद्रात पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी)

बँकेच्या काउंटरवर तुम्ही फॉर्म सरकवता. पलीकडचे गृहस्थ तो वाचतात आणि त्यांच्या कपाळाला आठी पडते. तेवढ्यानं तुमचे कान तापतात, तळहात ओले होतात. आपलं काहीतरी चुकलं, हे चिडलेत, अशी मनाची खात्रीच होते. ते बिचारे बारीक अक्षर लावत असतात. असे प्रसंग आमच्याकडे येणारे कितीतरी जण सांगतात आणि वर म्हणतात, “माझा स्वभावच भित्रा.” आम्हाला हे वाक्य मुळीच पटत नाही.

दोन्ही कानशिलांच्या आत, मेंदूत खोलवर, बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची चाहूल घेणं हे त्याचं एक मोठं काम. सोशल अँग्झायटी, म्हणजे लोक आपल्याला नावं ठेवतील अशी सतत वाटणारी तीव्र भीती, असलेल्यांना रागाचे किंवा तुच्छतेचे चेहरे दाखवले की तो इतरांपेक्षा जास्त चेततो, असं अनेक अभ्यासांत स्कॅनवर दिसलं आहे. १९९८ सालच्या एका जर्मन अभ्यासात तर दाखवलेले चेहरे अगदी निर्विकार होते, तरीही तो चेतला. आम्हाला यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. राग निदान ओळखू तरी येतो. कोऱ्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नसतं, मग ती जागा भीती भरून काढते. म्हणून व्हिडिओ कॉलवर गप्प बघणारे सहकारी किंवा निमूट ऐकून घेणारे सासरे कधीकधी ओरडणाऱ्या साहेबांपेक्षा जड जातात.

त्यात नजर खाली जाते. समोरच्याच्या डोळ्यांत पाहणं टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण आपला अंदाज चुकला होता हे कळायची संधी हातची जाते. आम्ही विचारतो, “त्या गृहस्थांना चष्मा होता का?” पुष्कळांना सांगता येत नाही. सगळं लक्ष स्वतःच्या कापऱ्या आवाजाकडे लागलेलं असतं.

सराव इथूनच सुरू होतो. आधी ओळखीच्या दुकानदाराशी बोलताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं, आणि काय वाटलं व काय दिसलं हे वेगवेगळं लिहून ठेवायचं. अवघड प्रसंग पुढे, तुमच्या गतीनं.

“औषध घ्यावं की नुसतं बोलून भागेल?” हा प्रश्न बहुतेक सगळे विचारतात. स्वीडनमधला, २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. त्यात १८ रुग्ण होते. काहींना ९ आठवडे औषध दिलं, काहींना विचार-वर्तन उपचार, म्हणजे सीबीटी, आणि बाकीचे प्रतीक्षा यादीत. लोकांसमोर भाषण करताना उपचार घेतलेल्या दोन्ही गटांचा अमिग्डाला पूर्वीपेक्षा शांत राहिला. अभ्यास लहान आहे, पण मेंदूची ही सवय बदलू शकते हे त्यात दिसतं. औषध मात्र मनोविकारतज्ज्ञच ठरवतील. आमच्याकडे ते दिलं जात नाही.

त्रासाचं निदान बोलण्यातून होतं. त्यासाठी मेंदूच्या स्कॅनवर पैसे घालवू नका.

जीव नकोसा वाटत असेल तर आमच्या वेळेची वाट पाहू नका. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही.

येताना गेल्या आठवड्यातला एकच प्रसंग आठवून या. फोन करणं जमत नसेल तर मेसेज पाठवा. आम्ही मेसेजवरच वेळ ठरवू.