जाताना आठ तास, येताना सात

दोन शहरांमधील हवाई अंतर काढणे हे वरवर पाहता नकाशा आणि पट्टी यांचे काम वाटते. पण माद्रिद आणि न्यूयॉर्क ही शहरे भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टीने जोडून पाहिली, तर पहिल्याच पायरीवर फसगत होते. दोन्ही शहरे ४० अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर असल्यामुळे नकाशात ती जवळपास आडव्या रेषेत दिसतात, आणि त्या अक्षवृत्ताला धरून गेल्यास अंतर सुमारे ५,९४० किलोमीटर भरते. आता पृथ्वीगोल घेऊन त्याच दोन ठिपक्यांवर दोरा घट्ट ताणावा. दोरा अक्षवृत्तावर राहत नाही, उत्तरेकडे सरकतो, वाटेत ४६ अंशांपर्यंत चढतो आणि पुन्हा खाली उतरतो. ही कमानीसारखी दिसणारी वाटच सर्वांत जवळची, सुमारे ५,७७० किलोमीटरची आहे.

दोऱ्याची ही वाट बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या छेदाने पृष्ठभागावर उमटणाऱ्या वर्तुळाचा, भाग असते. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची ६,३७१ किलोमीटर ही सरासरी त्रिज्या एवढ्यावर त्रिकोणमितीने हे अंतर निघते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने चूक राहते, पण ती फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

अंतर एकदा काढले की कायमचे. वेळेचे तसे नाही. प्रवासी जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते असे म्हणतात, तेव्हा हा वेग भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोतवारे हिवाळ्यात ताशी ३०० किलोमीटरचा टप्पाही ओलांडतात. म्हणूनच लंडनहून न्यूयॉर्कला जाताना जवळपास आठ तास लागतात आणि परतताना सातच्या आत-बाहेर. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार झालेले एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले. जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण ती मर्यादा हवेच्या सापेक्ष मोजायची असते.

जाताना गमावलेले येताना भरून निघते, असे मात्र नाही. अंतर ५,५०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा ताशी १०० किलोमीटर धरू. अनुकूल वाऱ्यात साडेपाच तास लागतील, प्रतिकूल वाऱ्यात पावणेसात तासांहून थोडे अधिक. म्हणजे दोन्ही मिळून १२ तास २२ मिनिटे. वारा नसता, तर हीच फेरी १२ तास १३ मिनिटांत झाली असती. उलट वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, त्यामुळे हिशेब नेहमी तोट्याचाच ठरतो.

तिकिटावरचा कालावधी याहूनही थोडा मोठा असतो, कारण त्यात विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचे, धावपट्टीकडे रांगत जाण्याचे, सगळे धरलेले असते. वैमानिकाच्या हाती पडणारा मार्ग तर ताणलेल्या दोऱ्याशी क्वचितच जुळतो. उत्तर अटलांटिकवरचे मार्ग वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नव्याने आखले जातात: पूर्वेकडे जाणाऱ्यांना झोतवाऱ्यात घालणारे, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना त्यातून बाहेर ठेवणारे. त्यापायी शे-दोनशे किलोमीटर वाढले, तरी विमान लवकर पोहोचते.